केऑसमधून निघालेला ‘गॅस’

भाषेतले बहुतेक शब्द कोणी घडवले हे सांगता येत नाही. ते पिढ्यानपिढ्या तोंडोतोंडी झिजत आणि बदलत आलेले असतात, आणि व्युत्पत्तिकोशात त्यांच्यापुढे फार तर एखादे प्राचीन मूळ आणि इतर भाषांतली काही समांतर रूपे नोंदवलेली असतात. इंग्रजीतला ‘गॅस’ हा शब्द याला ठळक अपवाद आहे. तो एका माणसाने विचारपूर्वक घडवला, आणि कशासाठी व कशावरून घडवला हेही त्यानेच लिहून ठेवले. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन, तुर्की, जपानी अशा कितीतरी भाषांनी थोड्याफार उच्चारभेदाने तो स्वीकारला आणि मराठीतही तो पूर्ण रुळला. मला या शब्दाचे विशेष वाटते ते मात्र वेगळ्या कारणासाठी. घडवताना त्याची जी व्याख्या केली गेली तिचे दोन्ही भाग पुढच्या शास्त्रज्ञांनी खोडून काढले, तरी शब्द टिकला. आणि ज्या जुन्या शब्दावरून तो घेतला होता, त्याचा अर्थ दोन शतकांनंतर वस्तुस्थितीला इतका नेमका लागू पडला की शब्द घडवणाऱ्याला त्याची कल्पनाही करता आली नसती.

यान बाप्टिस्ट फान हेल्माँट हे त्यांचे नाव. ब्रसेल्समध्ये जन्मलेले आणि लूव्हेन विद्यापीठात शिकलेले हे वैद्य पुढे ब्रसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्डे येथे स्थायिक झाले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी रासायनिक प्रयोगांत घालवला. ते किमयागारांच्या परंपरेतले होते. हलक्या धातूचे सोने करता येते यावर त्यांचा विश्वास होता. पण त्याच वेळी प्रत्येक क्रियेच्या आधी आणि नंतर पदार्थाचे वजन करून पाहण्याची, त्या काळात फारशी न आढळणारी सवयही त्यांना होती. त्यांच्या एका लेखनावरून धर्मपीठाचा रोष ओढवला, १६३४ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे बराच काळ ते आपल्याच घरात नजरकैदेत राहिले. १६४४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे लॅटिन लेखन त्यांच्या मुलाने १६४८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथून प्रसिद्ध केले, १६६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्याबरोबर ‘गॅस’ हा शब्दही इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला.

ज्या निरीक्षणांतून या शब्दाची गरज निर्माण झाली, त्यांतले एक वजनाचे होते. हेल्माँट यांच्या हिशोबाप्रमाणे ६२ पौंड लोणारी कोळसा पूर्ण जाळला की जेमतेम एक पौंड राख उरते. उरलेले ६१ पौंड गेले कुठे? ‘जळून नाहीसे झाले’ हे उत्तर त्यांना पटणारे नव्हते, कारण द्रव्य असे शून्यात जात नाही अशी त्यांची ठाम धारणा होती. ती हवा झाली असेही त्यांना म्हणता येत नव्हते, कारण हवा हे मूलतत्त्व आहे, ते इतर कशापासून तयार होत नाही, असेच तेव्हा मानले जात होते आणि ते स्वतःही तसेच मानत होते. ती वाफ आहे असे म्हणावे, तर वाफ थंड झाली की तिचे पुन्हा पाणी होते. कोळशातून निघालेले हे काहीतरी थंड होऊन पुन्हा कशातच रूपांतरित होत नव्हते. बंद पात्रात अशी क्रिया घडवली तर पात्र फुटून ते बाहेर पडत असे. या अदृश्य आणि आवरता न येणाऱ्या द्रव्याला त्यांनी आधी ‘रानटी’ असे विशेषण लावले, आणि मग तेच द्रव्य त्यांना इतर ठिकाणीही ओळखू येऊ लागले: आंबत ठेवलेल्या द्राक्षरसातून वर येणाऱ्या बुडबुड्यांत, शिंपल्यांवर ओतलेल्या तीव्र शिरक्याच्या फेसात आणि नेपल्सजवळच्या त्या प्रसिद्ध गुहेत, जिथे उभ्या माणसाला काही होत नाही पण जमिनीलगत श्वास घेणारा कुत्रा गुदमरून पडतो. आज आपण या द्रव्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. त्यांच्या यादीत आज आपण निराळे मानतो असे काही वायूही मिसळलेले होते, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांच्या मुळाशी एकच पदार्थ असू शकतो आणि तो हवेपेक्षा वेगळा असतो, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे आधी कोणी म्हटले नव्हते.

नवी गोष्ट दिसल्यावर तिला नवे नाव देणे त्यांना भाग होते. आजवर अज्ञात असलेल्या या द्रव्याला मी ‘गॅस’ या नव्या नावाने संबोधतो, असे त्यांनी लिहिले. ते पात्रात कोंडता येत नाही आणि त्याला दृश्य रूपही देता येत नाही, अशी व्याख्याही दिली. हे नाव प्राचीनांच्या ‘केऑस’पासून फार दूरचे नाही, असे त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी नमूद केले. वाचताना आपल्याला या दोन शब्दांत फारसे साम्य दिसत नाही, कारण आपण त्यांचे इंग्रजी उच्चार ऐकलेले असतात. हेल्माँट यांच्या बोलीत मात्र ‘ग’ हा वर्ण घशातून घासून, जवळजवळ ‘ख’सारखा उच्चारला जाई, आणि ग्रीक ‘खाओस’मधला पहिला वर्णही तसाच. त्यांच्या कानाला ‘खास’ आणि ‘खाओस’ ही एकाच शब्दाची लांब आणि आखूड रूपे वाटली असतील तर नवल नाही.

हा धागा त्यांच्या हाती बहुधा पॅरासेल्सस यांच्या लेखनातून आला. १५४१ मध्ये निधन पावलेल्या या स्विस वैद्याचा हेल्माँट यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि पॅरासेल्सस यांनी ‘केऑस’ हा शब्द हवेसाठी आणि एकूणच प्राणी ज्या माध्यमात वावरतात त्या माध्यमासाठी वापरला होता. नंतरच्या काळात काही अभ्यासकांनी ‘गॅस’चा संबंध आत्मा या अर्थाच्या जर्मन ‘गाइस्ट’शी किंवा आंबणे या अर्थाच्या डच ‘गिस्टेन’शी जोडून पाहिला. कल्पना आकर्षक आहेत, विशेषतः दुसरी, कारण आंबणाऱ्या द्राक्षरसाशी या शब्दाचा खराच संबंध आहे. पण कर्त्याने स्वतः मूळ सांगून ठेवलेले असताना इतरत्र शोध घेण्याचे कारण मला दिसत नाही.

‘केऑस’ म्हणजे गोंधळ, अंदाधुंदी, हा आजचा अर्थ मात्र त्या ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ नव्हे. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ आ वासणे, जांभई देणे, फाकणे असा आहे. दरी या अर्थाचा इंग्रजी ‘कॅझम’ हा शब्द त्याच घराण्यातला, आणि जांभईसाठीचा इंग्रजी ‘यॉन’ हाही त्याच्या दूरच्या नात्यातला मानला जातो. हेसिओद या ग्रीक कवीने विश्वाच्या उत्पत्तीचे वर्णन करताना सर्वांत आधी केऑस निर्माण झाले असे म्हटले, तेव्हा त्याच्या मनात गोंधळ नव्हता, तर अथांग पोकळी होती. पुढे रोमन कवी ओव्हिड याने सृष्टीच्या आरंभीचे केऑस म्हणजे सगळी तत्त्वे एकमेकांत मिसळलेला बेढब, अस्ताव्यस्त ढीग असे चित्र रंगवले आणि तिथून अव्यवस्था हा अर्थ युरोपीय भाषांत पक्का झाला. पोकळी आणि अव्यवस्था हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवावेत, कारण विज्ञानात त्या दोहोंचीही पुढे गरज लागते.

हेल्माँट यांनी ‘गॅस’च्या जोडीला आणखी एक शब्द घडवला होता: ‘ब्लास’. ग्रह-ताऱ्यांपासून निघणारी आणि वारे, ऋतू आणि देहातल्या हालचाली घडवणारी प्रेरणा असा त्याचा अर्थ होता. तो शब्द आता फक्त इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो, कारण त्यामागची वस्तूच अस्तित्वात नव्हती. एकाच माणसाने एकाच काळात घडवलेल्या या दोन शब्दांची नशिबे इतकी वेगळी निघावीत यात मला विज्ञानाच्या परिभाषेचा स्वभाव दिसतो. शब्द किती सुबक आहे याला तिथे फारसे महत्त्व नसते. तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ते काही प्रत्यक्षात असावे लागते.

आणि जे प्रत्यक्षात होते तेही हेल्माँट यांना पूर्ण उमगले नव्हते. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग याची साक्ष देतो. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती त्यांनी एका मोठ्या पात्रात भरली, तीत पाच पौंड वजनाचे विलोचे, म्हणजे वाळुंजाच्या जातीचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले; माती पुन्हा वाळवून तोलली तर ती अवघी दोन औंसांच्या आसपास कमी झाली होती. मग झाडाचे लाकूड, साल आणि मुळे निव्वळ पाण्यापासून बनली असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मापन चोख होते आणि माती झाडात गेलेली नाही हा अर्धा निष्कर्षही बरोबर होता. पण त्या लाकडातला कार्बन पानांनी हवेतून घेतला होता, आणि तो ज्या रूपात घेतला ते रूप म्हणजे त्यांनीच नाव दिलेला तो रानटी गॅस होता. कोळसा जाळताना जे निसटून गेले आणि झाड वाढताना जे न दिसता आत आले ते एकच, हे कळायला अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

मधल्या काळात ‘गॅस’ हा शब्द जवळजवळ विस्मृतीत गेला. १६६२ मध्ये दाब आणि आकारमान यांचा नियम मांडणारे रॉबर्ट बॉइल ‘एअर’ हाच शब्द वापरत होते, आणि त्यांच्यानंतरच्या शंभर वर्षांत वायूंवर जे सर्वोत्तम काम इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये झाले तेही याच शब्दाखाली झाले. जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात चुनखडी आणि मॅग्नेशियाच्या क्षारांतून कार्बन डायऑक्साइड मिळवला आणि त्याला ‘फिक्स्ड एअर’, म्हणजे घन पदार्थात स्थिर झालेली हवा, असे नाव दिले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये हायड्रोजनचा अभ्यास केला तो ज्वलनशील हवा म्हणून. जोसेफ प्रीस्टली यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगातून सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले आणि ऑक्सिजन मिळवला, पण त्याला नाव दिले ‘डीफ्लॉजिस्टिकेटेड एअर’, म्हणजे फ्लॉजिस्टन हे कल्पित ज्वलनतत्त्व काढून टाकलेली हवा. हवा ही एकच आहे आणि हे सारे तिचेच शुद्ध-अशुद्ध प्रकार आहेत, ही समजूत या नावांमध्ये घट्ट बसलेली होती. तिच्यामुळे किती गोष्टी दिसूनही ओळखता आल्या नाहीत, हे प्रीस्टली यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते: ऑक्सिजन हातात असूनही तो एक स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही.

याच काळात हेल्माँट यांच्या व्याख्येचा पहिला भागही निकालात निघाला. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पदार्थ एका बंद भांड्यात तापवला, त्यातून निघणारा वायू वाकवलेल्या बंदुकीच्या नळीतून पाण्याखाली नेला आणि पाण्याने भरून उपड्या टांगलेल्या पात्रात वर चढू दिला. वायू वर जमतो, पाणी खाली उतरते आणि किती वायू निघाला ते पात्राकडे पाहूनच मोजता येते. पात्रात कोंडता न येणारी वस्तू इतक्या साध्या युक्तीने कोंडली गेली. शालेय प्रयोगशाळेत ऑक्सिजन गोळा करताना विद्यार्थी आजही हीच रचना वापरतात.

शब्दाचे पुनरुज्जीवन झाले ते फ्रान्समध्ये. पिएर माकेर यांच्या १७६६ च्या रसायनकोशात ‘गॅस’ला स्थान मिळाले आणि त्यानंतर आंत्वान लव्हाझिए यांनी तो उचलला. १७८७ मध्ये त्यांनी तीन सहकाऱ्यांसह रसायनशास्त्राची नवी नामावली मांडली आणि १७८९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ‘गॅस’चा अर्थ मुळापासून बदलला. हेल्माँट यांच्या लेखी गॅस हा एक पदार्थ होता. लव्हाझिए यांच्या लेखी गॅस ही पदार्थाची अवस्था झाली. कोणताही पदार्थ पुरेशी उष्णता मिळाली की हवेसारखा होऊ शकतो आणि त्या अवस्थेला गॅस म्हणावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उष्णता हे एक सूक्ष्म द्रव्य आहे ही त्यांची कल्पना पुढे चुकीची ठरली, पण पदार्थ आणि अवस्था यांतला हा भेद कायमचा रुजला. या शब्दाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठे वळण हेच आहे असे मी मानतो. स्थायू, द्रव आणि वायू ही आपण शाळेत शिकलेली त्रयी त्याच्याशिवाय उभीच राहिली नसती.

गॅस ही जर अवस्था असेल, तर प्रत्येक गॅसला द्रवरूप देता आले पाहिजे. दृश्य रूप देता येत नाही, हा व्याख्येचा दुसरा भाग याच अपेक्षेपुढे कोसळला. १८२३ मध्ये मायकेल फॅरडे लंडनच्या प्रयोगशाळेत क्लोरिन आणि पाण्याच्या स्फटिकांवर काम करत होते. ते स्फटिक त्यांनी एका काचनळीत घालून नळीचे तोंड वितळवून बंद केले आणि ती तापवली. नळीच्या थंड टोकाला पिवळसर, तेलकट थेंब जमले. भेटीला आलेल्या एका डॉक्टरांना वाटले की नळी नीट धुतलेली नाही. फॅरडे यांनी नळीचे टोक कापताच ती जोराने फुटली आणि ते ‘तेल’ क्षणार्धात नाहीसे झाले. नळीतल्या नळीत स्वतःच्याच दाबाने क्लोरिनचे द्रवात रूपांतर झाले होते. यानंतर एकामागून एक वायू द्रवरूप होत गेले: १८७७ मध्ये ऑक्सिजन, १८९८ मध्ये हायड्रोजन आणि १९०८ मध्ये, सर्वांत शेवटी, हेलियम. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये दाखवून दिले होते की कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सियसच्या वर असेल तर कितीही दाब दिला तरी त्याचे द्रव होत नाही. या तापमानाला त्या पदार्थाचे क्रांतिक तापमान म्हणतात. त्याच्या वर तो पदार्थ गॅस आणि त्याच्या खाली असताना बाष्प, असा काटेकोर भेद भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आजही पाळला जातो.

मग ‘केऑस’चे काय? एकोणिसाव्या शतकात क्लाउझिउस, मॅक्सवेल आणि बोल्ट्झमान या भौतिकशास्त्रज्ञांनी वायूचे वर्तन त्याच्या रेणूंच्या हालचालींवरून समजावून सांगितले तेव्हा जे चित्र उभे राहिले ते असे आहे. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्ये मांडावीत इतके रेणू असतात. त्यातला नायट्रोजनचा एक रेणू सेकंदाला सरासरी साडेचारशे मीटरहून अधिक वेगाने धावतो, पण मिलिमीटरचा दहा हजारावा भागही पार करण्याआधी दुसऱ्या रेणूवर आदळून दिशा बदलतो, आणि असे एका सेकंदात अब्जावधी वेळा घडते. टक्कर होण्याआधी दोन रेणूंच्या वेगांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो हे बोल्ट्झमान यांच्या गणिताचे मूळ गृहीतक होते, आणि इंग्रजीत त्याला ‘मॉलिक्युलर केऑस’ हेच नाव मिळाले. ओव्हिडची अव्यवस्था ती हीच. हेसिओदची पोकळीही इथे आहे: हवेला द्रवरूप दिले की तिचे आकारमान सुमारे ७०० पटींनी घटते, याचा अर्थ आपण जिला भरलेली समजतो ती हवा जवळजवळ सगळी रिकामी जागा असते. हेल्माँट यांना रेणूंची कल्पना नव्हती. त्यांना फक्त काबूत न येणाऱ्या एका द्रव्यासाठी शोभेसा शब्द हवा होता.

प्रयोगशाळेबाहेर या शब्दाने आणखी वेगळे रूप घेतले. विल्यम मर्डॉक यांनी १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्या घरात दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लावले, १८०७ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर तसे दिवे लागले आणि १८१२ मध्ये त्या शहराला वायू पुरवणारी कंपनी सनद घेऊन उभी राहिली. त्यानंतर सामान्य इंग्रजी माणसाच्या तोंडी ‘गॅस’ म्हणजे नळातून येणारा जळाऊ वायू. या दिव्यांचा एक गुण असा, की घरात एकाच नळावर चालणाऱ्या दिव्यांपैकी एखादा नव्याने लावला की दाब विभागला जाऊन बाकीच्यांची ज्योत मंद होते. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या नाटकात नवरा वरच्या मजल्यावर लपूनछपून दिवा लावतो, खाली बायकोसमोरची ज्योत मंदावते, आणि हा तुझ्या मनाचा खेळ आहे असे तिला भासवले जाते. एखाद्याला त्याच्याच जाणिवांविषयी शंका घ्यायला लावणे या अर्थाचा ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द तिथून आला, आणि २०२२ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. दंतवैद्याच्या खुर्चीतला ‘गॅस’ म्हणजे नायट्रस ऑक्साइड. हम्फ्री डेव्ही यांनी तो १७९९ मध्ये ब्रिस्टल येथे स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते. अमेरिकेत वाहनात घातला जाणारा ‘गॅस’ तर मुळात द्रवच, कारण तो ‘गॅसोलिन’ या १८६० च्या दशकातल्या शब्दाचा संक्षेप आहे.

या शब्दाला लागलेला सर्वांत काळा अर्थ त्याच्या जन्मभूमीतच लागला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून दीडशे टनांच्या घरात क्लोरिन वाऱ्यावर सोडला. त्यामागची योजना फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली आखली गेली होती. हवेपेक्षा जड असलेला हा हिरवट-पिवळा वायू जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला आणि श्वासमार्गाचा दाह होऊन सैनिक गुदमरून मेले. दोन वर्षांनी, जुलै १९१७ मध्ये, त्याच परिसरात मस्टर्ड गॅस प्रथम वापरला गेला. तो नावालाच गॅस आहे. नेहमीच्या तापमानाला तो तेलकट द्रव असतो, २०० अंश सेल्सियसच्या वर उकळतो आणि तोफगोळ्यांतून तुषारांच्या रूपात पसरवला जात असे. जमावावर सोडला जाणारा ‘टिअर गॅस’ही बहुधा गॅस नसतो. त्यातले सीएस नावाचे नेहमीचे रसायन स्फटिकरूप असते आणि ते सूक्ष्म कणांच्या स्वरूपात हवेत उडवले जाते, त्यामुळे मराठीतला अश्रुधूर हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे.

लोकभाषेत हा सैलपणा खपून जातो, पण कायद्यात तो खपत नाही. १७ जून १९२५ रोजी जिनिव्हा येथे युद्धातील विषारी वायूंवर बंदी घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या तेव्हा त्याच्या कर्त्यांनी गुदमरवणारे, विषारी किंवा अन्य ‘गॅस’ एवढेच लिहून भागवले नाही. त्यापुढे त्यांनी ‘आणि तत्सम सर्व द्रव, पदार्थ किंवा साधने’ हे शब्द जोडले, म्हणजे मस्टर्ड गॅस हा शास्त्रीय अर्थाने गॅसच नाही अशी पळवाट कोणाला काढता येणार नाही.